हिवाळा, घाट आणि उघडी मोटार

उघडी मोटार हें वाहन महाराष्ट्राच्या हवेला मानवणारें नव्हे असा एक समज आहे, आणि तो अगदींच निराधार नाहीं. वर्षाच्या बारा महिन्यांपैकीं चार महिने पावसाचे. त्या दिवसांत कापडी टप कितीहि ताणून बसविला तरी पाणी कोठून तरी वाट काढतेंच. पुढें उन्हाळ्याचे चार महिने. तेव्हां भर दुपारीं चामड्याच्या बैठकीवर हात टेकवत नाहीं, आणि रस्त्याची धूळ डोळ्यांत व दांतांत सारखीच शिरते. मग उरतात ते थंडीचे चार महिने. ज्या देशांत असलीं वाहनें जन्मलीं, वाढलीं, त्या इंग्लंडांत याच्या नेमका उलट प्रकार असतो. तेथें टप उतरवून हिंडण्याचा मोसम म्हणजे उन्हाळ्यांतले मोजके आठवडे, आणि हिवाळ्यांत उघड्या मोटारींतून जाणारा मनुष्य हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या थट्टेचा विषय होतो. सह्याद्रीच्या पायथ्याशीं किंवा माथ्यावर मात्र हिवाळा हाच त्या मोटारीचा खरा काळ. कोल्हापुराकडील डिसेंबर-जानेवारीची पहाट साधारणपणें पंधरा अंशांच्या आसपास असते. म्हणजे इंग्लंडांतील जूनच्या सकाळीसारखीच. तिकडचा उन्हाळा इकडे हिवाळ्याचें नांव घेऊन येतो, एवढेंच.

कोल्हापुरांत उघडी मोटार ही काहीं अपरिचित वस्तु नाहीं. दर वर्षीं विजयादशमीस दसरा चौकांत सीमोल्लंघनाचा सोहळा होतो. राजघराण्यांतील मंडळी त्या वेळीं जुन्या मेबॅक मोटारींतून येतात, आणि सोनें लुटण्यासाठीं जमलेल्या हजारों माणसांच्या माना प्रथम त्या मोटारीकडे वळतात. मेबॅक ही जर्मनींतील कंपनी १९०९ सालीं निघाली ती झेपेलिन नांवाच्या अजस्र हवाई जहाजांचीं इंजिनें बनविण्याकरितां. १९२१ पासून ती स्वतःच्या मोटारी बांधूं लागली. कोल्हापूरची मोटार १९३० नंतरच्या दशकांतली, छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींतली. ती मिरवणुकीची मोटार आहे. सावकाश चालण्यांतच तिची शोभा. पण उघड्या मोटारीचें दुसरेंहि एक कुळ आहे, तें स्पोर्ट्‌स मोटारीचें. मिरवणुकीच्या मोटारीचा टप उतरवितात तो आंतला मनुष्य लोकांना दिसावा म्हणून; स्पोर्ट्‌स मोटारीचा टप उतरवितात तो आंतल्या माणसाला जग दिसावें म्हणून. दोहोंतला हा भेद लहान नाहीं.

खरें पाहतां मोटार जन्मली तीच मुळीं उघडी. घोडा काढून घेतलेल्या बग्गीसारखें तिचें आरंभींचें रूप होतें, आणि बंद खोलीची मोटार ही श्रीमंतांची चैन समजली जाई. अमेरिकेंत १९१९ च्या सुमारास तयार होणाऱ्या दहा मोटारींपैकीं नऊ उघड्या असत. पुढें पोलादी पत्रे दाबून सांगाडा बनविण्याची युक्ति साधली, बंद मोटारीची किंमत उतरली, आणि १९२७ पर्यंत हें प्रमाण उलटलें. दहांपैकीं आठांहून अधिक मोटारी बंद झाल्या. आठ वर्षांत माणसानें आपलें वाहन म्हणजे एक फिरती खोली करून टाकली. त्यांत सोय झाली हें निःसंशय. पाऊस, धूळ, थंडी यांपासून बायकामुलांचें रक्षण झालें. परंतु सोयीच्या मागोमाग एक तोटाहि आला. कांचेआडून पाहिलेला प्रदेश हा चित्रपटासारखा सरकत जातो; त्याचा वास येत नाहीं, त्याचा गारवा लागत नाहीं, आणि प्रवास संपल्यावर तो मनांत फारसा उरतहि नाहीं.

ज्यांना हा तोटा सोसवेना अशांसाठीं कांहीं कारखाने उघड्या दोन आसनी मोटारी काढीतच राहिले. त्यांतलें सर्वांत प्रसिद्ध नांव म्हणजे इंग्लंडांतील एम. जी. ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीच्या आद्याक्षरांवरून तें पडलें. दुसरें महायुद्ध संपतांच, १९४५ सालीं, या कारखान्यानें टी. सी. नांवाची मोटार बाजारांत आणली आणि पुढच्या चार वर्षांत अशा सुमारें दहा हजार मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या कांहीं भारतांत आल्या व आजहि हौशी लोकांनीं जतन केल्या आहेत. तिचें इंजिन अवघें साडेबाराशें घनसेंटिमीटरचें आणि ताकद चोपन्न अश्वशक्तीची. आजची साधी कुटुंबाची मोटार तिला सहज मागें टाकील. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेला, चाकें तारांचीं, पुढची कांच आडवी पाडतां येते, आणि दरवाजा इतका खालपर्यंत कापलेला कीं बसलेल्या माणसाचें कोपर आपोआप बाहेर येतें. अशा मोटारींत ताशीं पन्नास किलोमीटर हा वेग खराखुरा वेग वाटतो. बंद मोटारींत शंभरांचा वेगहि तसा वाटत नाहीं. स्पोर्ट्‌स मोटारीची सगळी मौज या एका गोष्टींत सांठविलेली आहे: ती थोड्या वेगांत पुष्कळ वेग देते.

आतां अशी मोटार घेऊन जानेवारींतल्या एखाद्या पहाटे कोल्हापुराहून गगनबावड्यास निघालेला मनुष्य डोळ्यांपुढें आणावा. अंतर सुमारें पंचावन्न किलोमीटर. निघण्यापूर्वींच त्याची पहिली परीक्षा होते. रात्रभर गारठलेलें तेल दाट झालेलें असतें, आणि थंड नळींत पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं. म्हणून चोक ओढून हवा थोडी कमी करावी लागते, म्हणजे मिश्रणांत पेट्रोलचा अंश वाढतो. इंजिन दोनतीनदां खोकतें, मग धरतें. त्याच वेळीं चोक आंत ढकलण्याची घाई केली तर तें विझतें. आणि फार वेळ ओढून ठेवला तर पेट्रोलनें ठिणगीचे प्लग भिजतात. किती वेळ थांबावयाचें हें कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेलें नसतें. तें कानाला कळतें. एकदां इंजिन तापलें कीं तीच थंडी त्याची मैत्रीण होते. थंड हवा दाट असते. मे महिन्यांतल्या पस्तीस अंशांच्या हवेपेक्षां पंधरा अंशांच्या हवेंत, तेवढ्याच जागेंत, सुमारें सात टक्के अधिक हवा मावते. जुनें इंजिन हिवाळ्याच्या सकाळीं तरुण झाल्यासारखें वाटतें तें उगीच नव्हे. त्याला खरोखरच श्वास अधिक मिळत असतो.

रंकाळा मागें पडतो, फुलेवाडी जाते, आणि बालिंग्याच्या पुलावर भोगावतीवरून आलेला पहिला गार झोत अंगावर येतो. बंद मोटारींतून जाणाऱ्याला हा पूल म्हणजे केवळ दोन कठडे. उघड्या मोटारींत मात्र नदी दिसण्याच्या आधींच ती अंगाला लागते. थंड हवा जड असल्यामुळें रात्रीं ती सखल भागांत उतरून सांचते, आणि प्रत्येक ओढा, प्रत्येक खोलगट शेत आपला गारवा वेगळा राखून असतें. कळ्याच्या पुढें, कुंभीच्या खोऱ्यांत, दोन्ही बाजूंना ऊंस. या दिवसांत गुऱ्हाळें पेटलेलीं असतात. वाऱ्याची दिशा अनुकूल असली तर गुऱ्हाळ दिसण्यापूर्वींच चुलवणाचा धूर आणि काहिलींत उकळणाऱ्या रसाचा गोड, थोडा करपट वास मोटारींत येऊन बसतो. एका वळणावर ओल्या मातीचा वास, दुसऱ्यावर शेणाचा, तिसऱ्यावर काकवीचा. अशा रीतीनें सबंध रस्ता नाकानें वाचीत जातां येतो. शिवाय या रस्त्याची आणखी एक सोय अशी कीं, तो पश्चिमेकडे जातो. सकाळीं जातांना सूर्य पाठीशीं असतो आणि संध्याकाळीं परततांनाहि तो पाठीशींच राहतो. डोळ्यांवर तिरीप येत नाहीं, आणि कोंवळें ऊन पाठीवर शालीसारखें पडतें.

थंडीचें काय, असा प्रश्न येथें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर जरा चमत्कारिक आहे. उघड्या मोटारींत वारा समोरून लागतो असें समजून अननुभवी मनुष्य छाती झांकून बसतो. वस्तुतः समोरचा वारा कांचेवरून डोक्यापलीकडे निघून जातो, तेथें भोंवरा घेतो आणि मागून परत येऊन मानेवर बसतो. म्हणून जाणता चालक प्रथम मानेभोंवतीं गळपट्टी गुंडाळतो, मग कानटोपी घालतो, आणि मगच कोटाचा विचार करतो. पायांची काळजी त्याला करावी लागत नाहीं. इंजिनाची व गिअरपेटीची ऊब पायांशीं येतच असते. गुडघ्यापर्यंत शेगडी आणि कानांपाशीं हिमालय असा तो थाट असतो. वाटेंत एखाद्या टपरीवर थांबून, कांचेचा पेला दोन्ही हातांत धरून घेतलेला चहा हा इतर कोणत्याहि चहासारखा नसतो. सुखाला थोडी किंमत मोजावी लागली कीं त्याची चव वाढते, हा अनुभव काहीं मोटारीपुरताच नाहीं.

परंतु या रस्त्याचें सगळेंच वर्णन असें मऊ करणें बरोबर होणार नाहीं. साळवणच्या पुढें खोरें अरुंद होतें, आणि कुंभीवरचें धुकें कधीं कधीं इतकें दाट उतरतें कीं मोटारीचें टोंकहि अंधुक दिसतें. जुन्या मोटारीचे दिवे पिवळे व मंद. त्यांत हाच काळ उंसाच्या तोडणीचा. उंसानें भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोडगाड्या पहाटेच कारखान्याकडे निघतात, आणि कित्येकांच्या पाठीमागें दिवा सोडाच, चकाकणारी पट्टीहि नसते. धुक्यांतून एकाएकीं उंसाच्या मोळ्यांची भिंत उभी राहते. असळजच्या पुढें रानगव्यांचा वावर आहे. रस्त्याच्या मधोमध उभा असलेला गवा कर्ण्याला भीत नाहीं. अशा वेळीं उघड्या मोटारीचा एक गुण कामीं येतो. बंद मोटारींतल्या माणसाला केवळ डोळे असतात. उघड्या मोटारींतल्या माणसाला कानहि असतात. बैलांच्या गळ्यांतल्या घुंगरांचा आवाज गाडी दिसण्यापूर्वीं ऐकूं येतो. तरीहि कानावर विसंबून वेग ठेवणारा मनुष्य शहाणा नव्हे. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यांत थांबतां आलें पाहिजे, हा नियम धुक्यांत मोडणाऱ्यास दुसऱ्यांदा मोडण्याची संधि मिळेलच असें नाहीं. आणि येथें आणखी एक विचार आहे. हौसेनें निघालेला चालक एकटाच असतो. उंसाची गाडी हाकणारा मात्र पोटासाठीं निघालेला असतो. रस्त्यावर पहिला मान कोणाचा, हें त्यावरून ठरावें.

गगनबावड्याविषयीं एक गैरसमज पुष्कळांच्या मनांत असतो कीं, तेथें पोंचण्यासाठीं मोठा चढ चढावा लागत असेल. कोल्हापूरच मुळीं समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटरवर आहे, आणि खोऱ्यांतून जाणारा रस्ता हळूहळू वर येत राहतो. चढ असा जाणवतच नाहीं. मग अकस्मात् जमीन संपते. देश येथें संपतो आणि पायाखालीं कोंकण उघडतें. पावसाळ्यांत कोंकणांतून येणारे ढग याच कड्यावर आदळतात, म्हणून कोल्हापूर शहरांत वर्षाला सुमारें हजार मिलिमीटर पाऊस होतो तर गगनबावड्यास त्याच्या कित्येक पट. हिवाळ्याच्या सकाळीं तेंच स्थळ अगदीं निराळें असतें. वर निरभ्र आकाश, बाजूला गगनगड, आणि खालीं सगळ्या कोंकणांत भरून राहिलेलें पांढरें धुकें. त्यांतून टेंकड्यांचे माथे बेटांसारखे वर आलेले. मोटार बंद करून चालक बसल्या जागींच राहतो, कारण उघड्या मोटारींतून देखावा पाहण्यासाठीं खालीं उतरावें लागत नाहीं. तापलेल्या धातूचा टिकटिक आवाज हळूहळू मंदावतो आणि मग खरी शांतता ऐकूं येते. हें गांव बावडेकर पंत अमात्यांच्या जहागिरीचें. ज्यांनीं आज्ञापत्रासारखा राजनीतीवरचा ग्रंथ मराठीस दिला त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याचा हा मुलूख. देश व कोंकण या दोहोंवर एकाच ठिकाणाहून नजर ठेवण्याचें महत्त्व त्या लोकांना किती नेमकें कळलें होतें, हें या कड्यावर उभें राहिलें म्हणजे निराळें सांगावें लागत नाहीं.

येथून खालीं जाण्यास दोन वाटा आहेत: एक करूळ घाटानें वैभववाडीकडे आणि दुसरी भुईबावडा घाटानें खारेपाटणकडे. जुन्या मोटारीची खरी कसोटी चढापेक्षां उतारावर लागते. तिचे ब्रेक ढोलाचे. सारखे दाबून ठेवले तर ते तापतात, आणि तापले म्हणजे धरीनासे होतात. म्हणून जुन्या चालकांचा नियम असा कीं, ज्या गिअरमध्यें घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्यें तो उतरावा. इंजिनच मग मोटारीला मागें ओढून धरतें, आणि ब्रेक हा वळणापुरता राहतो. गिअर खालचा टाकतांना क्लच दोनदां दाबून मध्यें इंजिनाला किंचित् वेग द्यावा लागतो. तें बरोबर साधलें तर दांडा लोण्यांतून फिरावा तसा बसतो, आणि चुकलें तर दांत खडखडून साऱ्या दरीला तें सांगतात. घाटांत वर येणाऱ्या वाहनाला वाट द्यावी हा कायद्याचा व सभ्यतेचाहि नियम आहे. भरलेला ट्रक एकदां चढावर थांबला तर त्याला पुन्हां निघण्यास किती यातना होतात हें उतरणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. करूळ घाट २०२४ सालीं काँक्रीटच्या रस्त्यासाठीं दीर्घ काळ बंद राहिला, तेव्हां वाहतूक इतर घाटांकडे वळवावी लागली. रस्ता सुधारला कीं वाहनांचा वेग वाढतो. आणि वेग वाढला कीं संथ वाहनाला जागा उरत नाहीं. मालाची व रुग्णांची ने-आण सुखरूप व्हावी हें जुन्या मोटारींच्या हौसेपेक्षां शतपट महत्त्वाचें आहे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. पण त्या हौसेचे दिवस मोजके उरले आहेत, हेंहि त्याबरोबर मान्य करावें लागतें.

त्याहून गंभीर अडचण पेट्रोलच्या टांकींतच आहे, आणि तिची गंमत अशी कीं तिचें मूळ याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभें आहे. उंसापासून साखर होते, तिच्या मळीपासून व रसापासून इथेनॉल होतें, आणि तें आतां देशभर पेट्रोलमध्यें मिसळलें जातें. २०२५ पर्यंत हें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत आलें. शेतकऱ्याच्या उंसाला गिऱ्हाईक मिळतें आणि परदेशांतून आणावें लागणारें तेल तेवढें वांचतें. ही गोष्ट लहान नाहीं. परंतु सत्तरऐशीं वर्षांपूर्वींच्या मोटारी ज्यांनीं घडविल्या त्यांनीं असें इंधन मनांतहि आणलें नव्हतें. जुन्या जातीचें रबर त्यांत फुगतें व भेगाळतें, बुचाच्या चकत्या ढिल्या पडतात, आणि मोटार महिनोन्‌महिने उभी राहिली तर इथेनॉल हवेंतली ओल शोषून टांकीच्या तळाशीं पाणी सोडतें. इथेनॉलमध्यें प्राणवायु आधींच असल्यामुळें मिश्रणहि पातळ होतें आणि इंजिन अधिक तापतें. ज्या रसाच्या सुगंधानें चालक सकाळीं सुखावला तोच रस रूप पालटून त्याच्या मोटारीच्या नळ्या कुरतडीत असतो!

यावर उपाय नाहीं असें नाहीं. नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालाव्यात, कार्ब्युरेटरचें छिद्र किंचित् मोठें करावें, आणि पावसाळ्यापूर्वीं टांकी रिकामी करून ठेवावी. पण हीं कामें करणारीं माणसें पाहिजेत. कोल्हापुरासारख्या शहराचें भाग्य हें कीं, तेथें ओतकामाची व यंत्रकामाची परंपरा जुनी आहे. शिवाजी उद्यमनगरांत एखादा सुटा भाग हातावर ठेवला तर तो पाहून तसाच दुसरा लेथवर उतरवून देणारे कारागीर आजवर मिळत आले. इंग्लंडांत जो कारखाना तो भाग बनवीत होता तो कधींच बंद झाला; तरीहि भाग मिळतो, कारण तो भाग वाचतां येणारे डोळे अजून शिल्लक आहेत. उघड्या मोटारीचा मालक तिच्या सौंदर्याचा मान घेत असतो. खरें पाहतां त्या मानाचा अर्धा वांटा तेलानें काळ्या झालेल्या हातांचा आहे. हे हात वृद्ध होत चालले आहेत, आणि संगणकावर चालणाऱ्या मोटारींवर शिकलेला मुलगा इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगण्यास शिकत नाहीं. त्याला तशी गरजच पडत नाहीं. मोटार शंभर वर्षें टिकूं शकेल. तिचें दुखणें ओळखणारा कान टिकविणें हें त्याहून अवघड काम आहे, आणि तें पैशानें होणारें नाहीं. एखाद्या तरुणाला त्या कामांत गोडी लागली तरच होणारें आहे. ज्याच्या घरीं अशी मोटार असेल त्यानें वर्षांतून एकदां तरी आपल्या मिस्त्रीच्या मुलाला शेजारच्या आसनावर बसवून गगनबावड्यापर्यंत न्यावें. त्या एका सकाळींत तो जें शिकेल तें लेथपाशीं बसून शिकणार नाहीं.

विजयादशमीस गांवाची सीमा ओलांडण्याचा प्रघात आहे. त्या दिवसापासून पाऊस सरतो आणि वाटा मोकळ्या होतात. पूर्वीं फौजा त्या वाटांनीं निघत. आज हिवाळ्याच्या एखाद्या सकाळीं गळपट्टी गुंडाळून, टप उतरवून निघालेला मनुष्य देशाच्या अखेरच्या टोंकापर्यंत जातो, कड्यावर घटकाभर थांबतो, आणि उन्हें कलल्यावर सूर्य पाठीशीं घेऊन परत फिरतो. त्यानें कांहीं जिंकलेलें नसतें. नाकाचा शेंडा गार पडलेला असतो, केंसांत धुळीचे व गुऱ्हाळाच्या धुराचे कण असतात, आणि कानांत इंजिनाची घरघर अजून चालू असते. पण वाटेंतला प्रत्येक ओढा कोठें आहे हें त्याला आतां नकाशावांचून सांगतां येतें, आणि प्रदेशाची एवढी ओळख पंचावन्न किलोमीटरांत करून देणारीं वाहनें फार नाहींत. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती मोटार टपाखालीं उभी राहील. मिस्त्री तिची टांकी रिकामी करील, आणि दसऱ्याची वाट पाहील.